करकंबच्या लेकीचे सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका

सदर : पुढची वाट



या खेपेस एकाच पत्राचे उत्तर देणार आहे. पत्र पंढरपूर तालुक्यातील करकंबहून आले आहे. लिहिणारे गृहस्थ साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. गाळप संपले की द्राक्षबागेत मिळेल ते काम करतात. नाव छापू नये असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. त्यांची थोरली मुलगी बी.फार्म. झाली. घराण्यातली ती पहिली पदवीधर. चार वर्षे सकाळची एस.टी. धरून ती कॉलेजला गेली. आता निकाल लागून सहा महिने झाले. पुण्याकडच्या एका औषध कारखान्यातून ट्रेनी म्हणून येण्याविषयी विचारणा झाली आहे. पण सुरुवातीचा पगार बेताचा, त्यातून खोलीचे भाडे आणि खानावळ जायची. शिवाय मुलगी कधी परगावी राहिलेली नाही.

तेवढ्यात ओळखीतला एक दुकानदार घरी आला. म्हणाला, "ताईचं सर्टिफिकेट माझ्या मेडिकलला लावू. तिनं दुकानात यायचीसुद्धा गरज नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे घरपोच."

गृहस्थ पुढे लिहितात, "साहेब, घरबसल्या येणारी लक्ष्मी लाथाडावी का? पोरगी मात्र कंपनीतच जायचं म्हणून हटून बसली आहे. दोन दिवस नीट जेवली नाही. तुम्ही सांगाल ते दोघांनी ऐकायचं, असं आमचं ठरलं आहे."

भाऊ, उत्तर आधी देतो, कारणे नंतर सांगतो. सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका. मुलीला कारखान्यात पाठवा.

भाड्याचे सर्टिफिकेट म्हणजे काय?

औषध दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे नियम सांगतात की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे. १९४८ चा फार्मसी कायदाही तेच सांगतो. म्हणजे दुकानात माणूस हवा, भिंतीवरचा कागद पुरत नाही. तरीही आपल्याकडे गावोगाव हे चालते. फ्रेममध्ये नाव एकाचे आणि गल्ल्यावर औषध काढून देणारा पोऱ्या दहावी नापास. लोकांना त्यात गैर वाटेनासे झाले आहे, ही खरी वाईट गोष्ट.

पण जबाबदारी कुणाची ते पाहा. २०१३ साली सरकारने 'शेड्यूल एच-१' नावाची यादी काढली. तिच्यात क्षयरोगाची औषधे आहेत, बरीचशी जबरदस्त अँटिबायोटिक्स आहेत, झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या आहेत. ही औषधे कुणाला दिली, कुणाच्या चिठ्ठीवर दिली, याची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. उद्या त्या दुकानातून झोपेच्या गोळ्या भलत्याच पोराच्या हाती गेल्या, किंवा एखाद्या म्हातारीला साखरेच्या गोळीऐवजी दुसरीच गोळी गेली, तर इन्स्पेक्टर पहिला प्रश्न विचारेल, फार्मासिस्ट कोण? नाव तुमच्या मुलीचे निघेल. "मी तिथे नव्हतेच" हा तिचा बचाव होणार नाही. उलट तोच तिच्यावरचा आरोप होईल. राज्य फार्मसी कौन्सिलला नोंदणीपुस्तकातून नाव काढून टाकण्याचा अधिकार आहे. चार वर्षांची पहाटेची एस.टी. एका दिवसात वाया जाईल.

दुसरे कारण रोकड्या हिशेबाचे आहे. भाड्याच्या सर्टिफिकेटचे दिवस अनुभवात धरले जात नाहीत. दोन वर्षांनी ती मुलाखतीला गेली आणि साहेबांनी विचारले, "काय शिकलात?" तर ती काय सांगणार? या धंद्यात पहिल्या दीड वर्षाला किती किंमत आहे, ते पुढे सांगतो.

औषधाची पारख चुकली की

मुलगी कारखान्यात जाऊन करणार काय, असे तुम्हाला वाटत असेल. तिचे काम किती मोलाचे आहे, हे कळायला आपल्या राज्यातलीच एक घटना आठवावी लागेल.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मूळ आजाराने नव्हे. त्यांना ग्लिसरॉल पाजले होते, आणि त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन होते. ते दिसायला ग्लिसरॉलसारखेच, चवीला गोड. मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. रुग्णालय, औषध प्रशासन आणि राजकारणी, सगळ्यांवर त्यांनी कडक ताशेरे ओढले. गोरगरीबच सरकारी दवाखान्यात जातात. अशा चुकीची किंमत त्यांनीच मोजली.

हे संपले असे समजू नका. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे सत्तर लेकरे गेली. भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांशी त्याचा संबंध जोडला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले दगावली. खोकल्याच्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. जे.जे.नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष!

हे रसायन प्रयोगशाळेत सापडत नाही असे नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या तपासणीत ते पकडता येते. माल आला की पिंपातून नमुना काढायचा, तपासायचा, आणि खरा निघाला तरच पुढे सोडायचा. एवढे काम कुणीतरी मन लावून आणि कुणाच्या दबावाला न जुमानता केले असते, तर ती लेकरे आज शाळेत गेली असती. औषध कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोल खात्यात बसलेली आपली मुलगी हेच काम करणार आहे. आता सांगा, हे काम मोठे की फ्रेममधला कागद?

साखरेची गोळी सोलापूर जिल्ह्यातून कशी निघते

कारखाना आतून कसा असतो, ते एका गोळीवरून समजून घेऊ. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी आज कोणत्या गावात नाही? तिचा मधुमेहावरचा उपयोग पॅरिसमध्ये जाँ स्टेर्न या डॉक्टरांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. आज मधुमेहाच्या उपचारात बहुधा पहिली गोळी हीच दिली जाते.

मेटफॉर्मिन तयार होते डायमिथिल अमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनोडायअमाइड या दोन पदार्थांपासून. त्यातला पहिला पदार्थ आपल्या भागातच तयार होतो. १९८८ साली सुरू झालेली बालाजी अमाइन्स ही कंपनी तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीला आणि सोलापूरजवळच्या चिंचोळी एम.आय.डी.सी.त अमाइन्स तयार करते. सोलापूरचीच स्मृती ऑरगॅनिक्स ही कंपनी मेटफॉर्मिनसारखी मूळ औषधद्रव्ये तयार करते. मूळ औषधद्रव्य म्हणजे औषधाची शुद्ध भुकटी. कंपनीत याला एपीआय किंवा 'बल्क ड्रग' म्हणतात. चादरी आणि टॉवेलचे सोलापूर आपल्याला ठाऊक आहे. हे सोलापूर आपल्या पोरांना अजून नीट ठाऊक नाही.

ही भुकटी मग गोळ्यांच्या कारखान्यात जाते. तिथे तिच्यात चिकटपणा आणणारे द्रव्य घालून मळतात, दाणे पाडतात, सुकवतात. यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टीअरेटची चिमूट घालतात आणि यंत्रावर गोळ्या दाबतात. वरून पातळ लेप देतात आणि पट्टीत भरतात. आपल्या आयाबाया पापडाचे पीठ मळतात, त्यालाही अंदाज लागतोच. इथे मात्र अंदाज चालत नाही. पाव ग्रॅमहून जड गोळी असेल तर वीस गोळ्या घेऊन एकेक वजन करायची. सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक फरक दोनपेक्षा जास्त गोळ्यांत निघाला, तर तो माल नापास. साधी, बिनलेपाची गोळी पाण्यात पंधरा मिनिटांत फुटली पाहिजे, लेपाची असेल तर तीस मिनिटांत. औषध आतून सुटून पाण्यात किती उतरते, हे वेगळे तपासायचे. गोळी पोटात तशीच दगडासारखी राहिली, तर रोग्याने पैसे कशाचे दिले?

याच गोळीची आणखी एक गोष्ट सांगतो. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेटफॉर्मिनच्या हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्या बाजारातून परत घ्यायला सांगितल्या. त्यांत एन.डी.एम.ए. नावाचे, कर्करोगाचा धोका वाढवणारे द्रव्य सापडले होते. दिवसाला चालेल अशी त्याची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतले फक्त ९६ भाग! इतके बारीक शोधून काढणारी माणसे आज सगळ्या कंपन्यांना हवी आहेत. ही माणसे आभाळातून पडत नाहीत. ती बी.फार्म., एम.फार्म. आणि रसायनशास्त्राच्या वर्गातूनच येतात.

कोणकोणत्या खात्यांत जागा असतात?

*उत्पादन (प्रॉडक्शन).* गोळ्या, कॅप्सूल, पातळ औषधे, इंजेक्शने तयार करणारे खाते. इथे फार्मसीवाल्याला कायद्याचाच आधार आहे. गोळ्या-औषधे तयार करण्याचे काम ज्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालते, त्याची पात्रता नियमांनी ठरवून दिली आहे. फार्मसीचा पदवीधर असेल तर पदवीनंतर अठरा महिन्यांचा कारखान्यातील अनुभव पुरतो. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याला त्यासाठी तीन वर्षे लागतात. मघाशी दीड वर्षाची किंमत म्हणालो ती हीच, भाऊ.

*गुणवत्ता तपासणी (क्वालिटी कंट्रोल).* ही प्रयोगशाळा. कच्चा माल, तयार माल, पट्टीचा कागद, पाणीसुद्धा तपासतात. एच.पी.एल.सी. नावाचे यंत्र ज्याला नीट चालवता येते, त्याला इथे मान असतो. एम.एस्सी. झालेली मुलेही याच जागांना येतात. तेव्हा स्पर्धा आहे हे धरून चालावे.

*गुणवत्ता हमी (क्वालिटी अश्युरन्स).* तपासणी खाते माल पाहते, हमी खाते काम पाहते. प्रत्येक पायरी ठरल्याप्रमाणे झाली का, लिहिली गेली का, चूक झाली तर कारण शोधले का? या खात्यात एक वाक्य पहिल्या दिवशीच शिकवतात, जे लिहिले नाही ते केलेच नाही. नोंद त्याच वेळी, आपल्याच हाताने, खरी करायची. खाडाखोड नाही, मागची तारीख नाही, दुसऱ्याची सही नाही. मुलगी हट्ट का करते ते आता ध्यानात आले का? ज्या धंद्याचा पाया सहीच्या खरेपणावर आहे, त्या धंद्यात पाऊल टाकण्याआधीच तिला आपली सही भाड्याने द्यायला सांगितले जात आहे.

*संशोधन आणि परवाने.* नवे औषध कसे बांधायचे, हे संशोधन खाते ठरवते. तिथे बहुधा एम.फार्म. लागते. औषध देशात-परदेशात विकण्यासाठी सरकारांकडे कागदपत्रे पाठवणारे खाते म्हणजे रेग्युलेटरी अफेअर्स. इथे इंग्रजी लिहिणे पक्के हवे.

*औषधांच्या दुष्परिणामांची नोंद (फार्माकोव्हिजिलन्स).* औषध बाजारात गेल्यावर कुणाला काय त्रास झाला, याच्या नोंदी तपासण्याचे काम. देशात यासाठी २०१० पासून सरकारी कार्यक्रम सुरू आहे. मुंबई-पुण्यात हे काम करणारी मोठी कार्यालये आहेत. काम बैठे, संगणकावरचे.

*विक्री.* वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे आपण ज्याला एम.आर. म्हणतो. फिरती आणि विक्रीचे टार्गेट दोन्ही असतात. बोलण्यात चलाख मुलांना यात लवकर बढती मिळते. मात्र डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास २०२४ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. तेव्हा औषधाची खरी माहिती देऊनच विकायला शिकावे.

जायचे कुठे?

करकंबहून टेंभुर्णीला आले की पुणे-सोलापूर महामार्ग लागतो. उजव्या हाताला वळले की मोहोळ, चिंचोळी, सोलापूर. डाव्या हाताला वळले की इंदापूर, भिगवण आणि पुढे दौंड तालुक्यातील कुरकुंभ. कुरकुंभच्या एम.आय.डी.सी.त सिप्ला, एमक्युअर अशा कंपन्यांचे कारखाने आहेत. पुढे पुणे. हडपसरला १९६६ साली सुरू झालेले सीरम इन्स्टिट्यूट, मुळशीकडे नांदे येथे ल्युपिनचे संशोधन केंद्र, आणि पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेले हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. देशात पेनिसिलीन तयार करणारा हा पहिला सरकारी कारखाना. त्याच्या आधाराने त्या काळी कितीतरी मराठी कुटुंबे पिंपरीत स्थिरावली.

राज्यात इतरत्र छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा वसाहत, नाशिक, तारापूर-बोईसर, पाताळगंगा, महाड, लोटे ही ठिकाणे ध्यानात ठेवावीत. गोव्यात वेर्ण्याकडेही औषध कारखाने आहेत आणि तिथे आपली भाषा समजते.

ज्या सिप्लाचे नाव घेतले, ती ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत काढली. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या देशातील कंपन्यांना औषध तयार करण्याची वेगळी पद्धत शोधून ते स्वस्तात विकता आले. २००१ साली याच सिप्लाने एड्सवरची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली. तोवर श्रीमंत देशांत त्यासाठी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत होते. आफ्रिकेतल्या लाखो गरिबांपर्यंत औषध पोहोचण्याची वाट त्यातून उघडली. म्हणून म्हणतो, औषधाचा कारखाना म्हणजे नुसता पगार नव्हे.

मुलाखतीला जाताना

आता त्या मुलीसाठी चार शब्द. ताई, पहिला पगार बेताचाच असेल. फार्मसी कॉलेजे पुष्कळ झाली, मुले पुष्कळ झाली, आणि कंपन्यांना हे माहीत आहे. पण पहिली दोन वर्षे पगारापेक्षा काय शिकायला मिळते, याकडे पाहावे.

कॉलेजातले तीन विषय पुन्हा उजळा : औषधांचे विश्लेषण, गोळ्या-कॅप्सूल बनवण्याची कृती, आणि कायदा. 'शेड्यूल एम' म्हणजे काय, हे हमखास विचारतात. चांगल्या उत्पादन-पद्धतीचे हे नियम. सरकारने ते २०२३ च्या अखेरीस नव्याने आणि अधिक कडक करून काढले, आणि लहान-मध्यम कारखान्यांनाही ते पाळणे भाग आहे. त्यामुळे नोंदी ठेवणारी, नियम जाणणारी माणसे छोट्या कारखान्यांनाही लागणार आहेत. मोठ्या नावाचाच आग्रह धरू नका. छोट्या कारखान्यात एकाच माणसाला चार कामे करावी लागतात, त्यामुळे शिकणेही चौपट होते.

इंग्रजी अडखळले तर घाबरू नये. येत नसेल ते "मला येत नाही, शिकेन" असे सरळ सांगावे. या धंद्यात थाप मारणाऱ्यापेक्षा असे सांगणारा माणूस अधिक उपयोगाचा.

आणि चार प्रश्न आपणही विचारावेत. नेमणूक कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराकडून? नेमणूकपत्र लेखी मिळेल का? प्रॉव्हिडंट फंड कापला जातो का? पाळ्या कोणत्या, आणि रात्री-अपरात्री ने-आण करायला बस आहे का? यात लाजण्यासारखे काही नाही. "कंपनीत चिकटवतो, अमुक हजार द्या" म्हणणाऱ्या दलालाला मात्र एक पैसाही देऊ नये. नोकरीसाठी कंपनी पैसे मागत नाही.

थेट नोकरी मिळत नसेल तर एक वर्षाच्या अॅप्रेंटिसशिपसाठी केंद्र सरकारच्या योजनेत नाव नोंदवावे. पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. विद्यावेतन मिळते आणि अनुभवही पदरी पडतो.

पुढची दारे

कारखान्यात राहूनही पुढची तयारी करता येते. एम.फार्म.साठी जीपॅट ही परीक्षा देशभर होते. ती उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. नायपर या केंद्र सरकारच्या संस्थेची पहिली शाखा मोहालीला. त्यानंतर हैदराबाद, अहमदाबाद आणि इतर ठिकाणी शाखा निघाल्या. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

सरकारी नोकरीत औषध निरीक्षक हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. फार्मसीच्या पदवीधरालाच ते प्रामुख्याने मिळते. भाऊ, विचार करा, ज्या इन्स्पेक्टरला दुकानदार घाबरतो, ती इन्स्पेक्टर उद्या तुमचीच मुलगी होऊ शकते. जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रे आणि सरकारी रुग्णालये यांत औषध निर्माण अधिकाऱ्याच्या जागा निघतात. त्या डी.फार्म., बी.फार्म. झालेल्यांसाठी असतात. आणि ज्याला दुकानच काढायचे आहे, त्याने स्वतःचे काढावे. २००८ पासून चाललेल्या जनऔषधी योजनेत फार्मसी शिकलेल्या तरुणाला केंद्र मागता येते. स्वतःच्या सर्टिफिकेटवर स्वतः बसून केलेला धंदा हा मानाचा धंदा आहे.

बारावीला असलेल्या मुलामुलींसाठी

बारावी विज्ञान शाखेनंतर बी.फार्म.ला चार वर्षे, डी.फार्म.ला दोन वर्षे लागतात. बी.फार्म.ला राज्याची सीईटी द्यावी लागते. डी.फार्म. बारावीच्या गुणांवर मिळते. डी.फार्म. झाल्यावर बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. गरीब घरच्या मुलांना ही शिडी उपयोगाची आहे. डी.फार्म.नंतर नोंदणीसाठी वेगळी परीक्षा घेण्याचे नियम २०२२ साली निघाले, तेव्हा प्रवेश घेतानाच ती चौकशी करावी. कऱ्हाड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरी येथे सरकारी फार्मसी कॉलेजे आहेत. पहिली पसंती त्यांना द्यावी. खासगी कॉलेज असेल तर भारतीय फार्मसी परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय फी भरू नये. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर पदवी नुसती कागदाची.

पैशांचे म्हणाल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याहून अधिक उत्पन्न असेल तर राज्याची फी-माफीची योजना पाहावी. अर्ज महाडीबीटीवर करायचा. शिष्यवृत्तीची ही योजना १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारकडे भांडत होते. तेव्हा ती उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून घ्या. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर त्यांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. तिच्यात राहण्या-जेवण्याची रक्कम थेट खात्यावर येते. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते ही कामे अकरावीतच उरकून घ्यावीत. एका दाखल्यापायी वर्ष गेलेली मुले मी पाहिली आहेत.

शेवटी, भाऊ तुमच्यासाठी

मुलगी परक्या मुलखात कशी राहील, ही तुमची खरी काळजी आहे. पैशाचे कारण त्यापुढे लहान आहे, हे पत्रातूनच कळते. तर असे करा. नेमणूकपत्र हातात आले की तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. कारखान्याचे फाटक पाहा, बस कुठे थांबते ते पाहा. तिच्यासारख्याच कामावर येणाऱ्या मुली कुठे राहतात, ते विचारा. दोन-तिघींनी मिळून खोली घेतली की भाडे वाटले जाते. पहिले दोन महिने घरून थोडे पैसे द्यावे लागतील, त्याची सोय आताच हंगामाच्या पगारातून करून ठेवा. तिसऱ्या महिन्यापासून ती तुमच्याकडे मागणार नाही.

दुकानदाराला काय सांगायचे, असाही प्रश्न पडेल. भांडू नका. एवढेच सांगा, "पोरगी कामावर चालली. तुम्हाला फार्मासिस्ट पाहिजे असेल तर पूर्ण पगारावर, दुकानात बसणारा ठेवा. गावात आणखी पोरं शिकली आहेत." कुणी सांगावे, त्यातून एखाद्या गरजू पोराला खरी नोकरीही मिळेल.

आणि आज रात्री तिला जेवायला वाढा. पत्राचा निकाल तिच्या बाजूने लागला आहे, असे सांगा. ठरल्याप्रमाणे दोघांनी ऐकायचे आहे!

पहिल्या पगाराच्या दिवशी तिने या सदराला दोन ओळी जरूर लिहाव्यात. नाव छापावे की न छापावे, ते या वेळी तिनेच ठरवावे.